तलवारीवरील खुणा व लेख

तलवारीवरील खुणा व लेख म्हणजे पात्यावर, मुठीवर किंवा म्यानावर ठोकलेली, कोरलेली अथवा सोन्याचांदीने भरलेली चिन्हे, अक्षरे, अंक आणि नावे. वंशपरंपरेने घरात आलेल्या जुन्या तलवारीचा काळ, घडणीचे ठिकाण, मालकी आणि लष्करी वापर ठरविण्यासाठी त्यांचा अभ्यास केला जातो. तलवारीची प्रत्येक खूण सहसा एकाच प्रश्नाचे उत्तर देते. पाते कोणी घडविले, ते कोणी तपासून स्वीकारले, ते कोणाच्या मालकीचे होते आणि पुढे ते कोणाच्या हाती गेले, हे चार प्रश्न वेगवेगळे आहेत. एका खुणेवरून चारही उत्तरे काढणे ही तलवारीची ओळख पटविताना होणारी सर्वांत मोठी चूक होय.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील अनेक घरांत देवघरात किंवा माजघरात जुनी तलवार ठेवलेली असते आणि नवरात्रात खंडेनवमीस तिची पूजा होते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा पाथर्डी परिसर या दृष्टीने लक्षणीय आहे. अहमदनगर ही निजामशाहीची राजधानी होती. भातवडीची लढाई (१६२४) आणि खर्ड्याची लढाई (१७९५) या दोन्ही याच जिल्ह्याच्या भूमीवर झाल्या. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली याने अहमदनगरचा किल्ला घेतला. पाथर्डी तालुक्याला लागून असलेला बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे या भागातील घरात आलेली तलवार निजामशाही, मराठी, निजामाच्या फौजेतील किंवा ब्रिटिश हिंदी सैन्यातील असू शकते. ती नेमकी कोणती, हे घरातील आठवणीइतकेच, किंबहुना अधिक खात्रीने, तलवारीवरील खुणा सांगू शकतात.

रचना : पाते आणि मूठ यांचे वेगळेपण

खुणा वाचण्यापूर्वी तलवारीची रचना समजून घ्यावी लागते. पात्याच्या तीक्ष्ण कडेस धार, विरुद्ध बाजूच्या जाड कडेस पाठ आणि पात्यावरील लांब खोलगट रेषेस नाळ म्हणतात. बोटांचे रक्षण करणारी मुठीची कमान म्हणजे परज. मुठीच्या वरच्या टोकास बहुधा वाटीसारखी गोल चकती असते.

भारतीय पद्धतीच्या मुठीत पात्याचा मागचा निमुळता भाग राळ किंवा लाख यांच्या मिश्रणाने पक्का बसविलेला असतो. मूठ तापवली की हे मिश्रण मऊ होते आणि पाते निघते. युरोपीय तलवारीत हा भाग मुठीच्या आरपार नेऊन टोकाशी ठोकून बसवितात. भारतीय पद्धतीमुळे चांगले पाते पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाई आणि मूठ बदलली जाई. म्हणून मुठीचा काळ आणि पात्याचा काळ एकच असतो असे गृहीत धरता येत नाही. शंभर वर्षे जुन्या मुठीत तीनशे वर्षे जुने पाते असू शकते. याच्या उलटही घडते.

खुणांचे प्रकार

युरोपीय कारागिरांच्या खुणा. सोळाव्या व सतराव्या शतकांत युरोपातून मोठ्या प्रमाणावर पाती भारतात येत. त्यांना देशी मूठ बसवून तयार झालेल्या सरळ तलवारीस ‘फिरंग’ असे नाव पडले. अशा पात्यांवर धावता लांडगा, वर्तुळावर क्रूस, किंवा पापणीच्या केसांसारख्या दातेरी दोन अर्धचंद्राकृती रेषा आढळतात. धावता लांडगा हे जर्मनीतील पासाऊ आणि नंतर झोलिंगेन येथील कारागिरांचे चिन्ह होते. दातेरी चंद्रकोरींचा संबंध इटलीतील जिनोव्हाशी जोडला जातो. ‘आंद्रेया फेरारा’ हे सोळाव्या शतकातील एका इटालियन कारागिराचे नाव असले, तरी पुढे ते असंख्य पात्यांवर केवळ प्रतीची हमी म्हणून कोरले गेले. स्पेनमधील तोलेदोच्या कारागिरांची नावेही झोलिंगेनमध्ये सर्रास ठोकली जात. दातेरी चंद्रकोरींची नक्कल तर भारतातही होत असे. म्हणून अशी खूण पाते कोणत्या परंपरेतील आहे हे सुचविते. ते अमुक गावी घडले, असे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही.

फारसी व अरबी लेख. वक्र, निमुळत्या शमशेरीवर महिरपीच्या चौकटीत सोन्याने भरलेला लेख असतो. त्यात बहुधा इराणचा शाह अब्बास आणि इस्फहानचा कारागीर असदुल्ला यांची नावे येतात. असदुल्लाचे नाव इतक्या पात्यांवर आणि इतक्या वेगवेगळ्या काळांत आढळते की, ते एका माणसाच्या हातची सही मानता येत नाही. काही पात्यांवर चार घरांचा छोटा चौकोन असतो व त्यात २, ४, ६, ८ हे अंक किंवा त्यांची अक्षरे असतात. हे संरक्षक यंत्र आहे. ती तारीख किंवा क्रमांक नव्हे.

मालकीचे व शस्त्रागाराचे लेख. राजे व सरदार आपल्या शस्त्रागारातील हत्यारांवर नाव, पदवी किंवा नोंद-क्रमांक घालीत. मराठी तलवारींवर असा लेख देवनागरीत किंवा मोडीत, बहुधा पात्याच्या पाठीवर किंवा मुठीजवळ असतो. बिकानेरच्या शस्त्रागारातील हत्यारांवर ठिपके ठोकून काढलेली देवनागरी अक्षरे दिसतात. त्यांपैकी काहींवर १६८९ मध्ये दक्षिणेतील अदोनी येथून ती आणल्याची नोंद आहे. दक्षिणेत घडलेले हत्यार राजस्थानात कसे पोहोचले, याचा पुरावा अशा ठिपक्यांनी जपला आहे. मालकीचा लेख पाते घडल्यानंतर कित्येक वर्षांनी कोरलेला असू शकतो. तो मालक सांगतो, कारागीर नव्हे.

ब्रिटिश हिंदी सैन्याच्या खुणा. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील लष्करी तलवारींवर सर्वाधिक खुणा सापडतात आणि त्यांचे वाचनही तुलनेने सोपे असते.

राजमुकुटाखालील इंग्रजी आद्याक्षरे राज्यकर्त्याची असतात : ‘व्ही आर’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया (१८३७–१९०१), ‘ई आर’ म्हणजे सातवा एडवर्ड (१९०१–१९१०) आणि ‘जी आर’ म्हणजे जॉर्ज. अठराव्या शतकापासून जॉर्ज नावाचे अनेक राजे झाल्यामुळे ‘जी आर’ असेल तेथे पुढील रोमन आकडा पाहणे आवश्यक असते. ‘जी आर’ व रोमन पाच ही खूण १९१० ते १९३६ हा काळ दाखविते.

तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण आहे. त्याच्यासोबत इंग्रजी ‘आय’ हे अक्षर असल्यास ती हिंदुस्थान सरकारची मालमत्ता ठरते. ‘आय एस डी’ ही अक्षरे इंग्लंडमध्ये घडवून हिंदुस्थानसाठी खरेदी केलेल्या मालावर आढळतात. छोट्या मुकुटाखाली एक अक्षर व एक अंक असल्यास ती तपासनिसाची खूण असते. त्यातील ‘ई’ म्हणजे एन्फिल्ड, ‘बी’ म्हणजे बर्मिंगहॅम आणि ‘एस’ म्हणजे झोलिंगेन. पाठीवरील फुली पाते वाकवून घेतलेल्या चाचणीत उतरल्याचे दर्शविते. टोकाला टोक भिडलेले दोन बाण दिसले, तर ती तलवार सेवेतून काढून विकलेली असते. घरी आलेली लष्करी तलवार लूट होती, चोरीची होती की रीतसर विकलेली होती, अशी शंका असल्यास ही लहानशी खूण महत्त्वाची ठरते.

परजेवरील अक्षरे व अंक बहुधा पलटणीचे संक्षिप्त नाव आणि हत्याराचा क्रमांक दाखवितात. येथे हिंदी घोडदळातील शिलेदारी पद्धत ध्यानात घ्यावी लागते. या पद्धतीत स्वाराच्या घोड्याची व साहित्याची तजवीज सरकारऐवजी स्वार व रिसाला यांच्याकडे असे. त्यामुळे रिसाले खासगी कारखान्यांकडून तलवारी विकत घेत. अशा तलवारीवर सरकारी बाण नसतो, पण कारखान्याचे नाव आणि रिसाल्याची खूण असू शकते. बाण नाही म्हणून तलवार लष्करी नाही, असा निष्कर्ष चुकीचा ठरतो. शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धानंतर बंद झाली.

अधिकाऱ्यांच्या तलवारींपैकी लंडनच्या विल्किन्सन कारखान्यातील अनेक पात्यांच्या पाठीवर अनुक्रमांक असतो. कारखान्याच्या जतन झालेल्या वह्यांत त्या क्रमांकावरून घडणीचे वर्ष मिळते; काही वेळा मूळ खरेदीदाराचे नावही मिळते.

सन व कालगणना

लेखात सन असल्यास तो कोणत्या गणनेतील आहे हे आधी ठरवावे लागते. शालिवाहन शकात ७८ मिळविल्यास सामान्यतः इसवी सन येतो. विक्रम संवतातून ५७ वजा करावे लागतात. मराठी कागदपत्रांत वापरल्या जाणाऱ्या सुहूर सनात ५९९ किंवा ६०० आणि फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवितात. शिवराज्याभिषेक शक १६७४ मध्ये सुरू झाला. त्यात १६७३ किंवा १६७४ मिळवितात. वर्षारंभ वेगवेगळा असल्याने एका वर्षाचा फरक पडतो. हिजरी वर्ष चांद्र असून सुमारे ३५४ दिवसांचे असते. म्हणून तेथे ठरावीक आकडा मिळवून चालत नाही, कोष्टक पाहावे लागते. उदाहरणार्थ, हिजरी १०५० म्हणजे इसवी सन १६४०–४१. केवळ अंक दिसले म्हणून ते सन मानू नयेत. तो शस्त्रागारातील क्रमांकही असू शकतो.

अभ्यासलेली उदाहरणे

रघुजी भोसले यांची तलवार. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी (मृत्यू १७५५) यांची मानली जाणारी एक तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीज या लिलावगृहात विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. पाते सरळ, एकधारी व युरोपीय बनावटीचे आहे. मूठ मुल्हेरी घाटाची असून तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम आहे. पात्याच्या पाठीवर सोन्याने भरलेल्या देवनागरी लेखात रघोजी भोसले हे नाव, ‘सेनासाहेब सुभा’ ही पदवी आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे.

या एका तलवारीत तीन साक्षी एकत्र येतात. पाते आयातीचे असल्याचे त्याची घडण सांगते, आणि लेखातील ‘फिरंग’ हा शब्द त्यास दुजोरा देतो. नाव व पदवी मालकाचे घराणे निश्चित करतात. तरीही प्रश्न उरतो. कारण नागपूरच्या गादीवर रघुजी नावाचे तीन राजे झाले. दुसरे रघुजी १८१६ मध्ये आणि तिसरे १८५३ मध्ये मरण पावले, आणि पदवीही घराण्यात चालत आली. केवळ नाव वाचून पहिल्या रघुजींपर्यंत पोहोचता येत नाही. त्यासाठी पाते, मूठ आणि अक्षरांची धाटणी यांचा काळ एकत्र पाहावा लागतो. नामांकित तलवारीबाबत जी दक्षता लागते, तीच घरगुती तलवारीबाबतही लागते.

जगदंबा तलवार. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १८७५–७६ च्या भारतभेटीत, प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे सातवा एडवर्ड) यास दिलेली ही तलवार ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिच्या युरोपीय पात्यावर ‘आय एच एस’ ही येशूच्या नावाची संक्षिप्त अक्षरे आहेत. ख्रिस्ती अक्षरे असलेले पाते मराठी राजघराण्यात मानाने नांदले, यात विसंगती नाही. ती अक्षरे घडविणाऱ्याच्या जगातील आहेत. पाते वापरणाऱ्याच्या श्रद्धेविषयी ती काही सांगत नाहीत.

मुलूख मैदान तोफ. ही तलवार नव्हे. परंतु खुणांचे थर कसे वाचावेत याचा उत्तम धडा तिच्यात आहे. ती १५४९ मध्ये अहमदनगर येथे महंमद बिन हसन रूमी याने ओतली, हे तिच्यावरील लेखावरूनच कळते. आज ती विजापूर येथे आहे. विजापूर जिंकल्यानंतर औरंगजेबाने आपला लेख तिच्यावर कोरविला. एका लेखात कर्ता आहे आणि दुसऱ्यात जेता. दुसराच लेख वाचनात आला असता, तर तोफ औरंगजेबाची ठरली असती.

देशी मुठीतील इंग्रजी पाते. ब्रिटिश घोडदळाच्या १७९६ नमुन्याच्या तलवारीचे पाते रुंद, वक्र, एका रुंद नाळीचे आणि सुमारे ८३ सेंटिमीटर लांबीचे असे. त्याच्या पाठीवर ‘ऑसबर्न’, ‘गिल’, ‘वुली’ अशी कारखानदारांची नावे आढळतात. हा नमुना सेवेतून बाद झाल्यावर त्याची पाती भारतात देशी मुठी बसवून वापरली गेली. लुई नोलन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या घोडदळविषयक ग्रंथात निजामाच्या स्वारांची हकीकत दिली आहे. त्यांच्या तलवारींचे घाव विलक्षण खोल पडत. त्या तलवारी म्हणजे इंग्रजी घोडदळाने टाकून दिलेली पातीच होती, असे त्याला आढळले. फरक इतकाच की, स्वारांनी त्यांना देशी मुठी बसविल्या होत्या, धार उत्तम राखली होती आणि त्या लाकडी म्यानांत ठेवल्या होत्या. लोखंडी म्यानात धार बोथट होते. हैदराबाद संस्थानाच्या सीमेवरील पाथर्डीसारख्या भागात असे पाते मिळाल्यास इंग्रजी नाव पाहून ती इंग्रजाची तलवार ठरवू नये, आणि मूठ देशी म्हणून ती शिवकालीनही म्हणू नये.

नकला व गैरसमज

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोभेसाठी व लग्नसमारंभासाठी मोठ्या संख्येने तलवारी तयार झाल्या. त्यांची पाती पातळ व लवचीक असतात. त्यांवर चकचकीत मुलामा असतो आणि टोकापासून मुठीपर्यंत एकसारखी उथळ वेलबुट्टी असते. पात्यास खरी धार आणि मुठीकडून टोकाकडे कमी होत जाणारी जाडी नसणे, हे नकलेचे महत्त्वाचे लक्षण आहे. जुन्या पात्यावर नंतर कोरलेला प्रसिद्ध नावाचा लेखही आढळतो. अशा लेखाच्या रेघा गंजाच्या खड्ड्यांवरून गेलेल्या असतात. मूळ लेखाच्या रेघा त्या खड्ड्यांनी खाल्लेल्या असतात.

घरातील आख्यायिका आणि खुणा यांचा मेळ नेहमीच बसत नाही. पानिपतची म्हणून पूजलेली तलवार १९१५ सालची लष्करी तलवार निघते. परंतु त्यामुळे वारशाचे मोल कमी होत नाही. तीवरील रिसाल्याच्या खुणेमुळे पहिल्या महायुद्धात गेलेल्या पूर्वजाचा माग सेवापुस्तक, पदक किंवा निवृत्तिवेतनाच्या कागदांतून लावता येतो. पदकांच्या कडेवर बहुधा सैनिकाचे नाव, क्रमांक व पलटण कोरलेली असते. तलवारीच्या खुणेशी ती ताडून पाहता येते.

तपासणीची रीत

तपासणी मूठ न काढता आणि पाते न घासता करावी. प्रथम एकूण लांबी, पात्याची लांबी, मुठीजवळील रुंदी व पाठीची जाडी यांची मोजमापे नोंदवावीत. नंतर दोन्ही बाजू, पाठ, मुठीलगतचा भाग, परजेची आतील बाजू आणि म्यानाचे तोंड क्रमाने पाहावे. खोली अंधारी करून बाजूने तिरपा प्रकाश टाकल्यास झिजलेली अक्षरे उठून दिसतात. प्रत्येक खुणेचे शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने हलका ठसाही घेता येतो. खूण जशी दिसते तशीच उतरावी; अस्पष्ट अक्षर अंदाजाने पूर्ण करू नये. तलवार घरी कोणाकडून व केव्हा आली, याविषयी घरातील ज्येष्ठांचे कथन त्यांच्याच शब्दांत, नोंदीच्या तारखेसह, वेगळे लिहून ठेवावे. मोडी लेख मोडी जाणकाराकडून आणि फारसी लेख त्या लिपीच्या अभ्यासकाकडून वाचून घ्यावा. अहिल्यानगर येथील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थांतील हत्यारांशी तुलना करणेही उपयुक्त ठरते.

जतन

खुणांचा सर्वाधिक नाश शत्रूच्या हातून नव्हे, तर घरातील भक्तिभावाने केलेल्या सफाईमुळे होतो. लिंबू, चिंच, राख, विटकरीची भुकटी आणि पॉलिश कागद यांनी गंजाबरोबर पात्याचा वरचा थर निघतो. त्या थरातच उथळ खुणा, सोन्याचा मुलामा आणि पोलादाचे जौहर असते. एका दसऱ्याला चकाकलेले पाते दोनशे वर्षे टिकलेले नाव कायमचे गमावू शकते. ओलसर हळदकुंकू पात्यावर राहिल्यास गंज धरतो. ते म्यानावर किंवा तलवारीखालील वस्त्रावर वाहिल्यास पूजाही होते आणि पातेही सुरक्षित राहते. मऊ, कोरड्या सुती कापडाने पुसून यंत्राच्या तेलाचा अतिपातळ हात देणे घरगुती जतनास पुरेसे असते. घामाच्या बोटांनी पात्यास स्पर्श करू नये. जुन्या चामड्याच्या म्यानात ओलावा धरत असल्याने तलवार व म्यान वेगळी ठेवणे हितावह असते. मूठ सैल झाली असल्यास ती तापवू नये.

कायदेशीर बाबी

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार हत्यारांच्या वर्गात मोडते. अधिसूचित क्षेत्रांत ती बाळगण्यास परवाना लागतो. म्हणून स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा जिल्हा दंडाधिकारी कार्यालयात चौकशी करणे इष्ट असते. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते. पुरावशेष खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही आणि त्याच्या व्यापारास परवाना लागतो. शेतात नांगरताना किंवा वाड्याची भिंत पाडताना जमिनीत पुरलेले जुने हत्यार सापडल्यास भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होऊ शकतो. त्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे.